ओळीचं शेपूट

सकाळी वर्कशॉपचं शटर वर ढकललं की काका आधी दिवा लावायचा नाही, पंखाही नाही. तो थेट मागच्या खोलीत जायचा. तिथे फोमचे मोठमोठे ताव भिंतींना टेकून पार छतापर्यंत उभे असायचे. त्यांच्या मधोमध उभा राहून तो एक शब्द म्हणायचा. एकच. 'पायरी.' 'कडी.' 'उसनं.' एकदा नुसतंच 'गाजर'. मग घसा खाकरून बाहेर यायचा आणि कामाला लागायचा. आम्ही पोरं संध्याकाळी त्याला गाठून विचारायचो, आज कोणता होता? तो सांगायचा, आणि आम्ही त्यातून काही अर्थ निघतो का ते बघत बसायचो. निघायचा नाही. फोममध्ये म्हटलेल्या शब्दाला मागे घुमारा राहत नाही, जेवढा म्हटला तेवढाच ऐकू येतो, एवढंच काका सांगायचा.

हा माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडिलांपेक्षा बराच लहान, म्हणून घरातली सगळी मुलं त्याला अरेतुरेच करायची. धंदा सोफ्यांचा. बसक्या सोफ्यांना नवा फोम, गाड्यांच्या सीटा, दवाखान्यातल्या बाकांचं रेक्झिन, कधी एखाद्या सभागृहाच्या खुर्च्या. स्टेपल गनचा आवाज घरापर्यंत यायचा. जेवायला बसला की काकू आधी त्याच्या दाढीतला फोमचा भुसा झटकायची आणि म्हणायची, पाहुण्यांसमोर तरी माणसासारखे दिसा.

पण विशीत हाच माणूस चौघांच्या एका रॅप ग्रुपमध्ये होता. ग्रुपचं नाव 'चौथा मजला'. चौघं ज्या इमारतीत राहायचे तिला तीनच मजले होते. चौथ्याच्या नावाने गच्चीवर गंजलेल्या सळया तेवढ्या उभ्या होत्या आणि त्या सळयांमध्ये, पाण्याच्या टाकीवर ताल धरून, यांचा सराव चालायचा. जो मुख्य गायचा त्याला इंजिन म्हणायचे. ताल करणारा ठोक्या. मधली कडवी म्हणणारा बारक्या, जो तेव्हाही बारीक नव्हता. आणि काका होता शेपूट.

त्या नावाचं कारण साधं होतं. इंजिन ओळी लिहायचा त्या त्याच्या फुप्फुसांना न विचारता. ओळ संपायच्या आत दम संपायचा. म्हणून ठरलं की शेवटचा शब्द त्याने म्हणायचाच नाही, तो काकाने म्हणायचा, तेवढ्यात इंजिन श्वास घेईल. सोय म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे त्यांची ओळख झाली. ओळ एकाची, टोक दुसऱ्याचं. काकाच्या हातात अख्खी ओळ कधी आलीच नाही. त्याला ती नकोही होती. त्याची एक खोड मात्र होती. तो टोकावर नेहमी केसभर आधी उतरायचा. इंजिनचा शब्द संपतोय न संपतोय, हा हजर. ठोक्याने त्यापायी त्याला चपला फेकून मारल्या होत्या म्हणे. पहिली कॅसेट त्यांनी आजोबांच्या वर्कशॉपमध्ये, त्याच फोमच्या खोलीत रेकॉर्ड केली, कारण खरा स्टुडिओ परवडत नव्हता आणि फोम फुकटचा होता. त्या कॅसेटवर ती घाई आजही ऐकू येते. लोकांना ती आवडायची. जणू मागून कुणी तरी म्हणतंय, मला माहीत आहे तू काय बोलणार आहेस.

मग आजोबांचा उजवा हात गेला. सकाळी कात्री उचलायला गेले आणि बोटं मिटलीच नाहीत. माझे वडील नोकरीसाठी दुसऱ्या गावी, वर्कशॉपमध्ये अर्धवट उसवलेले सोफे, आणि ग्रुपचा पहिला मोठा दौरा तोंडावर. काका म्हणाला, दोन महिने द्या. तिघं म्हणाले, येशील तेव्हा ये. भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर ते मिटवायला तरी कुणी आलं असतं, असं काकू म्हणते. दोन महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाचं लग्न झालं, लग्नाची मुलगी झाली. ग्रुप मोठा होत गेला. इंजिन आपल्या ओळी स्वतःच पुऱ्या करायला शिकला. इमारत पडली, तिच्या जागी दुसरी उभी राहिली. घरात ग्रुपचा विषय निघाला की काका उठून पाणी प्यायला जायचा.

बऱ्याच वर्षांनी, सगळे विसरत आले असताना, त्या तिघांचा नवा अल्बम आला. नाव 'जिना'.

त्यावर लोक काय काय बोलले. रस्त्यापलीकडच्या चष्मेवाल्याने तर दुकान सोडून वर्कशॉपमध्येच ठाण मांडलं. तो ग्रुपचा जुना भक्त, आणि काका त्यात होता हे माहीत असलेला गल्लीतला बहुधा एकमेव माणूस. त्याचं म्हणणं, सिंहाला कवळी लावून आणलंय. पूर्वी हे लोक घरमालकांवर, पोलिसांवर, भाडेवाढीवर तुटून पडायचे. आता गाणी कशावर, तर गुडघ्यांवर. रक्तातल्या साखरेवर. मुलगा फोन उचलत नाही यावर. एका पेपरने लिहिलं की यांचा राग आता डॉक्टरांची वेळ घेऊन येतो. दुसऱ्याने त्याच दिवशी लिहिलं की इतकं खरं या मंडळींनी आजवर काही केलं नव्हतं, म्हातारं होणं हीसुद्धा एक बातमी आहे आणि ती कुणी तरी द्यायला हवी होती. माझी चुलत बहीण, म्हणजे काकाची मुलगी, तेव्हा कॉलेजात होती. तिने निकाल दिला की दोन गाणी झकास, बाकीचा अल्बम म्हणजे वडील लोकांचे गुड मॉर्निंग मेसेज. काकूला रॅप कधीच कळलं नव्हतं. तिने भांडी पुसता पुसता पूर्ण अल्बम ऐकला आणि म्हणाली, निदान काय बोलतायत ते आता समजतंय तरी.

काकाने मत दिलं नाही. चष्मेवाल्याने फारच पिच्छा पुरवला तेव्हा म्हणाला, हे लावलं की शिलाई सरळ येते. यापेक्षा मोठी दाद त्याने कुणाला दिलेली मला आठवत नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो 'गच्ची' नावाच्या गाण्यावर. त्यात प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्दच नव्हता. ताल चालू, आणि शब्दाच्या जागी रिकामी फट.

टाकी रिकामी, तरी आवाज यायचा…
घरचे हाका मारून थकले, आम्ही नाही आलो…
आता गुडघे म्हणतात, बाबा रे, कठडा जरा…

अशा बारा ओळी. कुणी म्हणालं, रेकॉर्डिंग बिघडलंय. कुणी म्हणालं, वय झालं, शब्द विसरतात. नवीन मुलांनी त्या जागा भरायचा खेळ सुरू केला आणि काय वाट्टेल ते भरलं. एका मुलाखतीत इंजिनला विचारलं गेलं की या जागा मोकळ्या का? त्यावर त्याने प्यायला पाणी मागितलं. तेवढ्यावरून लोकांनी ताडलं. कुणी तरी जुनी कॅसेट ऐकून लिहिलं की पूर्वी या जागी चौथ्याचा आवाज असायचा. तो वारला. हे गाणं त्याच्यासाठी आहे. दोन दिवसांत सगळीकडे तेच. ज्यांनी अल्बमला शिव्या घातल्या होत्या त्यांनीही या गाण्याला तेवढी माफी दिली. कुणी मेणबत्तीचे फोटो टाकले. कुणी तरी त्याच्या अपघाताचा तपशीलही दिला, ओल्या रस्त्यासकट.

काकाच्या मुलीने रागाने लिहिलं, अहो, तो माझा बाबा आहे आणि आत्ता समोर बसून पोळी खातोय. तिला हसणारे चेहरे आले. खाली एकाने समजुतीने लिहिलं, आपण सगळे आपापल्या परीने त्याला जिवंत ठेवू या.

आम्ही जेवताना हे वाचून खूप हसलो. काकाही हसला. पण नंतर तो मागच्या खोलीत जाऊन ते गाणं पुन्हा लावून उभा राहिला आणि मी पिशवी न्यायला गेले तेव्हा मला म्हणाला, "अकरा शब्द सापडले. भरून, उतरून, धरून, पुढचेही. शेवटचा नाही सापडत."

शेवटची ओळ होती, 'बाकी सगळं विकलं पोरांनो, एक कोपरा ठेवलाय…'

मी म्हटलं, राखून. ठेवलाय राखून.

"किंवा झाकून," काका म्हणाला. "झाकूनही बसतं. मेलेल्या माणसाच्या वस्तू ठेवतात तसा."

तेव्हा मला कळलं की तो कशाशी झगडतोय. लोकांचं जाऊ दे. त्या तिघांना काय वाटतंय? त्यांनाही तो गेला असंच वाटतंय का? की त्यांनी जागा धरून ठेवली आहे आणि तो येत नाही म्हणून ती रिकामी वाजते आहे? फोन करून विचारता आलं असतं. पण इतक्या वर्षांनी फोन करायचा आणि काय म्हणायचं, मी आहे? समोरून कुणी 'कोण मी?' म्हणालं तर? मुलगी म्हणाली, बाबा, तू त्यांच्या पेजवर मेसेज टाक. तो म्हणाला, बघू. काकाचं 'बघू' म्हणजे काय ते घरात सगळ्यांना माहीत होतं. जिन्याखालची ट्यूबलाइट त्या 'बघू'वर चार वर्षं बंद होती.

अल्बमचा कार्यक्रम आमच्याच शहरात झाला. काकूने तिकिटं काढली. ती म्हणाली, मेलेल्या माणसाचं तिकीट अर्धं लागतं का ते विचारलं मी, नाही म्हणाले. सभागृहात शिरल्यावर काका खुर्च्यांच्या पाठी चाचपत चालला आणि मधल्या एका रांगेशी थांबून म्हणाला, इथून पुढे माझं काम आहे. आमच्या जागा त्या रांगेच्या लगेच मागे होत्या. तो बसल्या बसल्या वाकून पुढच्या खुर्चीची शिवण तपासू लागला, तेव्हा काकूने त्याचा हात बाजूला केला.

तिघं मंचावर आले. बारक्या आता खरोखर बारीक झाला होता, आजारातून उठल्यासारखा. ठोक्याच्या डोक्यावर केस नव्हते. इंजिन पायऱ्या चढताना कठड्याला धरून चढला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, जणू तोही गाण्याचाच भाग होता. काका पुढे सरकून खुर्चीच्या कडेवर बसला आणि तसाच राहिला.

'गच्ची' सुरू झालं. पहिली ओळ झाली, फट आली, आणि अख्खं सभागृह गप्प झालं. लोकांनी आपापले फोन उंच धरले. फोनचे दिवे लागले. दुसरी ओळ, पुन्हा तीच शांतता. आमच्या पुढे एक बाई बसली होती, ऑफिसातून थेट आलेली असावी, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिचे डोळे भरून आले होते. तिसऱ्या ओळीला काका बोलला. मोठ्याने नाही, पण स्पष्ट. "धरून." केसभर आधीच.

बाई वळली. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात म्हणाली, "अहो, प्लीज. ती त्यांच्या मित्राची जागा आहे."

काका म्हणाला, "हो. सॉरी."

 उरलेल्या ओळी तो सगळ्यांबरोबर शांत राहिला. काकूने त्याचा हात हातात घेतला होता. त्याचे ओठ हलत होते का ते अंधारात दिसलं नाही.

बाहेर लॉबीत ती बाई पुन्हा भेटली. तिला वाईट वाटलं होतं, म्हणून मुद्दाम थांबली होती. म्हणाली, मघाशी जरा तोडून बोलले, रागावू नका, पण मी कॉलेजपासून यांना ऐकते, आणि तो जो चौथा होता ना, त्याचा आवाज मला सगळ्यात आवडायचा. काकाने विचारलं, काय झालं होतं त्याला? अपघात, ती म्हणाली. काका म्हणाला, अरेरे. मग विचारलं, चांगला होता का? बाई म्हणाली, घाईत असायचा, पण छान होता. काकूने तोंडाला पदर लावला. हसतेय की रडतेय ते तिचं तिलाच माहीत.

काकू म्हणाली, मागच्या दाराने जाऊ. वॉचमन तुमच्या ओळखीचा आहे. काका नको म्हणाला. ती म्हणाली, अहो, पंधरा पावलांवर आहेत ते. घाबरता कशाला? त्यावर तो म्हणाला, "आत्ता गेलो तर गाणं खोटं पडेल त्यांचं. इतकी माणसं रडलीत आत."

 घरी येताना गाडीत मुलगी म्हणाली की गाणं खोटं पडलं तर पडू दे, बाबा खोटा पडतोय त्याचं काय? काकाने खिडकीची काच खाली केली, पुन्हा वर केली.

त्याने शेवटी जे केलं ते कुणाला सांगून केलं नाही. दुसऱ्या आठवड्यात, भर दुपारी, मागच्या खोलीत फोमच्या मधोमध उभा राहून त्याने फोनवर आवाज रेकॉर्ड केला. नमस्कार नाही, नाव नाही. नुसते बारा शब्द, मधे तेवढी तेवढी जागा सोडून, जणू ओळी कुणी तरी दुसरीकडे म्हणत आहे. शेवटी 'राखून'. मुलीला फोन देऊन म्हणाला, हे कुठे पाठवतात ते पाठव.

उत्तर आलं नाही. त्या पेजवर रोज हजार माणसं काही ना काही पाठवत असणार. काका फोन खिशात ठेवेना, स्टेपलच्या पिनांच्या डब्याशेजारी उताणा ठेवायचा. स्टेपल गन मारता मारता थांबायचा, मग पुन्हा मारायचा. चष्मेवाल्याने एकदा विचारलं, कुणाच्या फोनची वाट बघतोस? काका म्हणाला, रेक्झिनवाल्याच्या. चष्मेवाला म्हणाला, रेक्झिनवाल्यासाठी दाढी करून आलेला माणूस पहिल्यांदाच पाहतोय.

आणि मग एका सकाळी उत्तर आलं. तेही आवाजच. मी आणि बहीण तिथेच होतो. काकाने ते लावलं आणि मान वळवून भिंतीकडे बघत ऐकलं. आधी लांब श्वास. मग इंजिनचा आवाज, मंचावर होता त्यापेक्षा म्हातारा:

"शब्द सगळे बरोबर. पण अजून घाई करतोस, शेपूट. दौरा संपला की तिघंही येतो. स्टुडिओ नको. तुझ्या फोममध्येच करू."

मागे कुणी तरी, बहुधा ठोक्या, काही तरी ओरडला. 'चप्पल' एवढंच कळलं.

काकाने ते पुन्हा लावलं नाही. फोन खाली ठेवला, बाहेर जाऊन रस्त्यावर उभा राहिला, आणि चष्मेवाल्याला हाक मारून म्हणाला, आला रे, रेक्झिनवाल्याचा.

त्यानंतरचे दोन महिने तो जसा होता तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. दवाखान्याच्या बाकांचं काम पहिल्यांदाच लांबवलं. मागच्या खोलीतले जास्तीचे ताव काढून त्याने चौघं उभे राहतील एवढी जागा केली. मग म्हणाला, उभे कसे राहतील, गुडघे आहेत ना. म्हणून स्टुलं करायला घेतली. लाकूड स्वतः निवडलं, फोम सगळ्यात घट्ट, वर गडद निळं कापड, जे तो एरवी गिऱ्हाइकाने हट्ट केला तरच काढायचा. काकूने विचारलं, चारच का, एखादं जास्तीचं असू दे, मी काय उभी राहू? तो म्हणाला, तू आत आलीस तर मला हसू येईल.

दौरा संपायला थोडे दिवस होते तेव्हा काका गेला. संध्याकाळी वर्कशॉपमध्येच, शिलाईच्या मशीनवर मान टेकून. डॉक्टर म्हणाले, त्याला कळलंही नसेल. चष्मेवाल्याने दुकान बंद केलं आणि तो तीन दिवस आमच्याच पायरीवर बसून राहिला.

आम्ही कुणाला कळवलं नाही, फक्त बहिणीने इंजिनचं उत्तर जिथून आलं होतं तिथे कळवलं. तिघं आले. मागच्या खोलीत स्टुलांवर बसले, एक मधे रिकामं ठेवून.  काही वाजवलं नाही. बारक्याने फोमच्या तावाला हात लावून विचारलं, तेव्हाचा आहे का यातला एखादा? काकू म्हणाली, फोम इतका टिकत नाही. जाताना इंजिन तिला म्हणाला, आम्ही गाण्यात जागा सोडली ती तो यावा म्हणून. लोकांनी भलताच अर्थ घेतला. काकू म्हणाली, लोक चुकले नाहीत हो. त्याच्यासारखेच केसभर आधी उतरले.

अल्बमबद्दल लोक अजून भांडतात. अजून कुणी तो थकलेला म्हणतं, कुणी खरा. 'गच्ची'त बारा जागा आहेत तशाच आहेत. कधी तरी बहीण बाबाचं ते रेकॉर्डिंग आणि गाणं दोन वेगवेगळ्या फोनवर एकदम लावते, पण ते नीट जुळत नाही. थोडं पुढेमागे होतंच.

काका गेला त्या दिवशी दुपारी मीच त्याला डबा द्यायला गेले होते. निळं कापड चढवलेली चारही स्टुलं खोलीत ओळीने मांडलेली, आणि तो जमिनीवर उकिडवा बसून शेवटच्या स्टुलाच्या पायाला रबराची टोपी बसवत होता. मी डबा जवळच्या स्टुलावर ठेवायला गेले. त्याने वर न बघताच हात आडवा केला.

"डबा खाली ठेव गं," तो म्हणाला. "तेलाचा डाग पडला की या कापडावरून निघत नाही."